भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्याजवळच्या पुनावळ्यातला आमचा टू बीएचके भाड्याने दिलेला आहे. त्याचं गृहकर्ज २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून सरकारी बँकेत नेलं. राहत्या घराच्या बॅलन्स ट्रान्स्फरबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळतं, पण भाड्याच्या घराचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांबद्दल फारसं कोणी सांगत नाही. आता नवा हप्ता अंगवळणी पडला आहे, व्याजदर एकदा आपोआप खालीही आला आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी आमचं गणित. भाडं २६,००० रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स ३,५०० रुपये, तो आम्हीच भरतो. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस त्यातच आले. (हे चार्जेस महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. तुमची सोसायटी मनाला येईल तो आकडा लावत असेल तर कमिटीपुढे २००१ चा शासन आदेश ठेवा.) म्हणजे हातात २२,५०० रुपये उरतात, आणि जुना हप्ता होता जवळपास ४३,८५०. दरमहा एकवीस हजारांहून जास्त रक्कम पगारातून घालावी लागत होती. फ्लॅटची आजची किंमत ७८ लाखांच्या आसपास धरली, तर मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा जाता भाड्याचं उत्पन्न वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या थोडं वर पडतं. कर्ज मात्र साडेनऊ टक्क्यांचं. ‘भाड्यात हप्ता निघतो’ हे वाक्य साइट ऑफिसमध्ये हमखास ऐकायला मिळतं, पण पुण्यात मोठं कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटला ते लागू होत नाही.

भाडं हिंजवडीच्या नोकऱ्यांवर ठरतं. फ्लॅटची किंमत परिसर ठरवतो. घरमालकाला स्वतः काही करता येतं ते फक्त व्याजदराचं, आणि नेमकं तेच आपण कर्ज मंजूर झाल्यावर पुन्हा बघत नाही. दर अकरा महिन्यांनी भाडेकराराचं नूतनीकरण आठवणीने करतो, तसाच कर्जाचा दरही तपासायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, फेब्रुवारी २०२३ पासून ६.५ टक्क्यांवर होता. २०२५ च्या फेब्रुवारीत तो ६.२५, एप्रिलमध्ये ६ आणि जूनमध्ये ५.५ झाला. एक टक्का कमी झाला, पण आमच्या कर्जात त्याचा जेमतेम अंश उतरला. कारण असं की ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडण्याचं बंधन बँकांवर आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर नाही. त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट (कर्जाचा मूळ दर) असतो आणि तो कधी किती हलवायचा हे कंपनी ठरवते. नव्या ग्राहकाला तीच कंपनी आमच्यापेक्षा टक्काभर कमी दराने कर्ज देत होती. आम्ही विचारलं तेव्हा कन्व्हर्जन फी (त्याच कंपनीत दर कमी करून घेण्याचं शुल्क) भरून ८.६ टक्के मिळतील असं उत्तर आलं. फोरक्लोजर लेटरचा, म्हणजे कर्ज पूर्ण बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणाऱ्या पत्राचा, अर्ज दिल्यावर मात्र लगेच फोन आला आणि तो दर आणखी खाली आला. तुम्हाला कर्ज हलवायचं नसलं तरी हे पत्र मागून बघा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे पत्र मागण्यात धोका काहीच नाही.

नव्या बँकेने ७.९ टक्के दिले. शिल्लक कर्ज ४२ लाख, उरलेली मुदत १५ वर्षं. कागद नेहमीचेच: रजिस्टर्ड अॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं एनओसी, कर्जाचं स्टेटमेंट, पगाराचे कागद. भाड्याचं उत्पन्न पात्रतेत धरायचं असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि खात्यात दरमहा जमा झालेलं भाडं, दोन्ही दाखवावं लागलं. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते. नुसत्या नोटरीवर काम भागवणाऱ्यांचं भाडं बँक हिशोबात घेत नाही.

व्हॅल्युएशनसाठी बँकेचा इंजिनियर फ्लॅट बघायला जातो. आम्ही भाडेकरूंना आधी फोन करून सांगितलं होतं, तरी ‘ताई, फ्लॅट विकताय का?’ असं त्यांनी काळजीने विचारलंच. मोजमाप घेणारा माणूस अचानक दारात उभा राहिला तर कुणालाही धसका बसेल. भाडेकरू चांगले असतील तर त्यांना नीट समजावून सांगा, एक संध्याकाळ त्यासाठी द्या.

खर्च असा आला: प्रोसेसिंग फी जीएसटीसह ११,८०० रुपये, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी) आणि व्हॅल्युएशन मिळून आठ हजारांच्या आसपास, आणि गहाणखताची स्टॅम्प ड्युटी कर्जाच्या ०.३ टक्के म्हणजे १२,६०० रुपये. शिवाय नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची सूचना) दुय्यम निबंधकाकडे दाखल करण्याची फी. सगळं मिळून पस्तीस हजार धरा. बँकेचा माणूस तोंडी सांगतो तेव्हा त्यात बहुतेकदा स्टॅम्प ड्युटी नसते, ती वेगळी विचारावी लागते.

सगळ्यात मनस्ताप झाला तो मूळ कागद परत मिळवताना. नव्या बँकेची पे ऑर्डर जुन्या कंपनीत जमा झाली, कर्ज बंद झालं, पण कागद दुसऱ्या शहरातल्या गोदामातून यायचे होते. ‘या आठवड्यात येतील’ हे उत्तर बरेचदा ऐकलं. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख केल्यावर हालचाल झाली आणि मुदतीच्या आत कागद मिळाले. त्यातही बिल्डरची एक पावती कमी होती. एलओडी, म्हणजे कागदांची यादी, कर्ज बंद करायच्या आधीच हातात होती, म्हणून ही कमतरता तिथल्या तिथे दाखवता आली. ती यादी मिळवल्याशिवाय पे ऑर्डर देऊ नका.

आता फायदा. नव्या दराने हप्ता ३९,९०० च्या घरात बसत होता, म्हणजे जवळजवळ चार हजार कमी. आम्ही तो कमी करून घेतला नाही. जुनाच ४३,८५० चालू ठेवला, त्यामुळे १८० ऐवजी साधारण १५२ हप्त्यांत कर्ज संपेल. पहिल्याच महिन्यात व्याजात ५,६०० रुपयांचा फरक दिसला, म्हणजे खर्च सहा-सात महिन्यांत वसूल. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ झाला, तेव्हा पुढच्या रीसेटला (ठरावीक काळाने दर बदलतो तेव्हा) आमचा दर न मागता ७.६५ वर आला. जुन्या कंपनीत प्रत्येक कपातीला पत्रव्यवहार करावा लागायचा, त्यामुळे याचं मोल मला जास्त वाटतं. अर्थात रेपो वाढला तर दरही तसाच वाढेल, हे धरून चालावं.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे ओव्हरड्राफ्ट खातं. स्टेट बँकेची मॅक्सगेन किंवा बँक ऑफ बडोदाची होम लोन अॅडव्हांटेज ज्या प्रकारची आहे, त्याच प्रकारचं हे कर्ज. खात्यात जास्तीचे पैसे ठेवले तर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की ते काढताही येतात. घरमालकाला याचा वेगळाच उपयोग आहे. भाडेकरूचं डिपॉझिट, आमच्याकडे ७५,००० रुपये, परत द्यायचं असतं, म्हणून ते कुठे गुंतवता येत नाही. बचत खात्यात त्यावर अडीच टक्के मिळाले असते. इथे ७.९ टक्क्यांचं व्याज वाचतं, म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या जवळपास. आमचा अडीअडचणीचा निधीही तिथेच ठेवला आहे. दिवाळीनंतर भाडेकरू बदलले, फ्लॅट काही काळ रिकामा होता, रंगकाम निघालं. तो सगळा खर्च या खात्यातून झाला, एफडी मोडावी लागली नाही. या सोयीसाठी साध्या कर्जापेक्षा पाव टक्का जास्त दर पडतो. ज्यांच्या हातात जास्तीची रक्कम राहतच नाही, त्यांनी साधं कर्जच घ्यावं. बँकेचं अॅप मात्र त्रासदायक आहे. खऱ्या शिलकीपेक्षा काढता येणारी रक्कम ठळक दिसते आणि व्याजाचा हिशोब समजायला वेळ लागतो.

कराचा मुद्दा भाड्याच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आकड्यांनी सांगते. वर्षाचं भाडं ३,१२,०००, मालमत्ता कर १२,००० वजा, राहिले तीन लाख. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की २,१०,००० उरतात. जुन्या दराने वर्षाचं व्याज ३.९५ लाखांच्या आसपास, नव्याने ३.३ लाख. आम्ही नव्या करप्रणालीत आहोत. तिथे भाड्याच्या घराचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण त्यापुढचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. म्हणजे पूर्वीचं १.८५ लाखांचं जादा व्याज आमच्या पगारावरच्या करात काहीच कामाला येत नव्हतं. वाचलेल्या व्याजाचा रुपयान् रुपया खरा वाचला. जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, तिथे हे गणित थोडं सौम्य होतं. मूळ गृहकर्ज फेडण्यासाठी काढलेल्या नव्या कर्जाचं व्याजही वजावटीला पात्र असतं, त्यामुळे कर्ज हलवल्याने वजावट जाते ही भीती नको. फक्त त्या वर्षी दोन्हीकडची व्याज प्रमाणपत्रं घ्या.

टॉप-अपचा, म्हणजे त्याच घरावर जादा कर्ज घेण्याचा, आग्रह बराच झाला. आम्ही नाही म्हटलं. ती रक्कम गाडीसाठी किंवा लग्नासाठी वापरली तर तिच्या व्याजाची घराच्या उत्पन्नातून वजावट मिळत नाही, आणि पंधरा वर्षं फेडत बसायचं ते वेगळंच.

नव्या बँकेच्या करारात घर भाड्याने देण्यापूर्वी बँकेला कळवण्याचं कलम होतं. आम्ही भाडेकराराची प्रत जोडून पत्र दिलं आणि पोच घेतली. भाडेकरू बदलले तेव्हा पुन्हा दिलं. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्यांची मुदत चार-पाच वर्षंच उरली आहे त्यांचं बरंचसं व्याज भरून झालेलं असतं. त्यांनी स्टॅम्प ड्युटी आणि वकिलाचा खर्च करण्यापेक्षा जुन्या ठिकाणीच कन्व्हर्जन फी भरून दर कमी करून घेणं बरं. आणि ज्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, तिथे सरकारी बँकेत अर्ज करण्याआधी त्यांच्या वकिलाला कागद दाखवून घ्या. आमच्या शेजारच्या प्रकल्पातल्या एकांचा अर्ज याच कारणाने फेटाळला गेला आणि भरलेली फी परत मिळाली नाही.