एचआयव्ही: रॅपिड टेस्ट की फोर्थ जनरेशन?

शंकेच्या प्रसंगाला ७२ तास झाले नसतील तर टेस्ट नंतर, आधी पीईपीसाठी (प्रसंगानंतर संसर्ग टाळायला घ्यायचं औषध) डॉक्टर गाठा.

फरक विंडो पिरियडचा, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या काळाचा आहे. शिरेतल्या रक्तावर लॅबमध्ये होणारी फोर्थ जनरेशन टेस्ट अँटिबॉडीसोबत (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) पी२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनही शोधते. संसर्ग १८ ते ४५ दिवसांत सापडतो. फक्त अँटिबॉडी बघणाऱ्या रॅपिडला २३ ते ९० दिवस लागतात. म्हणून २१व्या दिवसाच्या निगेटिव्ह रॅपिडवर विसंबू नका आणि ती रोज करून जीव टांगणीला लावू नका.

खर्च? सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र) तपासणी, समुपदेशन मोफत.

लवकर पक्कं उत्तर हवं असेल तर ४५ दिवसांनी फोर्थ जनरेशन. थांबता येत असेल तर ९० दिवसांनी रॅपिड पुरते. पीईपी घेतली असल्यास दिवस औषध संपल्यापासून मोजा.