गॅबापेंटिन की प्रीगॅबालिन?

नागीण बरी झाली तरी बरगडीवर आग होत राहते, मधुमेहात तळपाय जळजळतात, किंवा फिट्सच्या चालू गोळीला जोड लागते. तिन्ही वेळा चिठ्ठीवर यांपैकी एक नाव येऊ शकतं. दोन्ही औषधं नसांवर एकाच जागी काम करतात. फरक आहे तो रक्तात पोचण्याचा.

आतडं गॅबापेंटिन एका वेळी थोडंच शोषतं. दिवसाचे 900 मिग्रॅ तीन वेळांत घेतले तर सुमारे 60 टक्के अंगी लागतात, 3600 घेतले तर 33च. म्हणून डोस दुप्पट केला तरी आराम दुप्पट होत नाही. सुरुवात बहुधा 300ने होते: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवसापासून तीनदा. फिट्ससाठी घेत असाल तर दोन डोसांत 12 तासांहून जास्त अंतर नको. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध घेतलं तर पुढे दोन तास थांबा.

प्रीगॅबालिन 90 टक्क्यांहून जास्त शोषलं जातं, आणि 75 मिग्रॅ दिवसातून दोनदा घेऊन सुरुवात होते. दुपारचा डोस विसरणाऱ्यांना हेच सोयीचं. मात्र वजन वाढतं, पाय सुजतात. सोबत मधुमेहाचं पायोग्लिटाझोन असेल तर सूज जास्तच. पट्टीवर ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर ती गोळी चावू वा तोडू नका. ती बहुधा रात्रीच्या जेवणानंतर असते, तेव्हा जेवण इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत होणार असेल तर गोळी खिशात न्या.

झोप आणि चक्कर दोन्हींत येते. पहिला आठवडा स्कूटर नको, दारू अजिबात नको. ट्रामाडोल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) चालू असेल तर आधी सांगा, श्वास मंदावू शकतो.

मूत्रपिंडाचा हिशेब मात्र नीट करून घ्या. 80 वर्षांच्या, 45 किलोच्या आजींचं रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 1.0 आलं की रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो. वय-वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळणी मिनिटाला जेमतेम 32 मिली भरते. दोन्ही औषधं लघवीवाटेच बाहेर पडतात, त्यामुळे अशा वेळी प्रीगॅबालिनचा डोस साधारण निम्मा लागतो आणि गॅबापेंटिनचाही उतरतो.

फिट्स असणाऱ्यांनी दवा बाजारातून (औषधांच्या बाजारातून) पट्टी घेतली की मागची बारीक अक्षरं वाचावीत. प्रीगॅबालिनसोबत मिथाइलकोबालामिन असेल तर ते जीवनसत्त्व, त्याची काळजी नाही. नॉर्ट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ लिहिलं असेल तर थांबा: दुखण्यावर ते चांगलं, पण त्यानं फिट येण्याचा धोका वाढू शकतो. ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून ही पट्टी घेऊ नका. शिवाय ही दोन्ही औषधं मेंदूच्या एका भागापासून सुरू होणाऱ्या फिट्सची आहेत. सकाळी हाताला झटका बसून चहाचा कप उडत असेल, तर त्या प्रकारात ती त्रास वाढवू शकतात. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चेहऱ्यावर विजेसारखी कळ येत असेल तर या दोघांआधी कार्बामाझेपिन या फिट्सच्याच दुसऱ्या औषधाचा विचार होतो.

बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. डॉक्टर किमान आठवडाभरात डोस उतरवतात, फिट्सवाल्यांचा त्याहून सावकाश. लग्नासाठी पुण्याला निघताना दोन दिवसांच्या जादा गोळ्या घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.