फिश टँकसाठी बॅटरीवाला एअर पंप: एक अख्खा पावसाळा वापरून मग लिहितोय

आमच्याकडे सावंतवाडीत पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल ते देवालाच माहीत, कुठेतरी फांदी पडलेली असते तारेवर. टँक दोन फुटी, साधारण ७० लिटर, त्यात ४ गोल्डफिश (जास्त आहेत, माहितीये, बोलू नका). मागच्या वर्षी रात्रभर लाइट नव्हती तेव्हा मी पहाटेपर्यंत पाण्यात हवा मिसळावी म्हणून मग्याने पाणी काढून उंचावरून परत ओतत बसलो होतो आणि आजी खाटेवरून म्हणतेय, "बावीतल्या माशांक खंय पंप लागता?" सकाळी एक गेलाच.

म्हणून कोल्हापूरला गेलो तेव्हा हा चार्जिंगवाला पंप आणला, ९०० ला. प्लगला लावून ठेवायचा, लाइट गेली की आपोआप बॅटरीवर सुरू. माझ्याकडे सलग ९ तास चालला आणि थांबून थांबून चालायचा मोड लावला तर १५-१६ तास निघाले, गोल्डफिशला तेवढं पुरलं, वर येऊन तोंड उघडझाप करत नव्हते. गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी राहतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० अंशाला साडेसात, त्यामुळे मे महिन्यातली लाइट जाणं जास्त डेंजर. फायटर किंवा गुरामी जातीचे मासे असतील तर एवढं टेन्शन नाही, ते वरून हवा घेतात.

आता राग. व्होल्टेज डिम झालं, म्हणजे बल्ब नुसता लाल दिसतो ना तसं, की याला वाटतं लाइट आहे, आणि हा बॅटरीवर जातच नाही, गप्प बसतो. हे मला दोन तासांनी कळलं. आता डिम झालं की मी सरळ प्लगचं बटण बंद करतो, म्हणजे तो बॅटरीवर जातो. दुसरं, बॉक्समध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (नळीतून पाणी उलटं येऊ न देणारा) नाही. पंप मी स्टँडच्या खालच्या फळीवर ठेवलेला, पहाटे बॅटरी संपली आणि नळीतून पाणी उलटं येऊन टपटप एक्स्टेंशन बोर्डाच्या बाजूला, नशीब लाइट नव्हती! २०-३० रुपयांचा व्हॉल्व्ह, तेवढा द्यायला काय जातं यांचं? तो लावा नाहीतर पंपच पाण्याच्या लेव्हलच्या वर ठेवा. आवाज आहे, भुर्रर्र, खाली जुना टॉवेल घडी करून ठेवला तर झोप लागते.

आणि पंप आहे म्हणून फिल्टर विसरू नका. माझा कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) १४ तास बंद होता, उघडला तर गटारासारखा वास. तसाच चालू केला असता तर ते सगळं टँकमध्ये. स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून घेतला, नळाच्या नाही, क्लोरीनने चांगले बॅक्टेरिया मरतात. खाणं त्या दिवशी बंदच ठेवलं.

५ पैकी साडेतीन. पुढचा दोन आउटलेटवाला घ्यायचाय, कोणाकडे असेल तर आवाज किती येतो तेवढं सांगा.