आठ महिने वाय-फाय कॉलिंग : परळी खोऱ्यातला अनुभव

आमचं घर सज्जनगडाच्या खाली, उरमोडी धरणाच्या वरच्या अंगाला. दगडी भिंती, वर पत्रा. रेंज एक कांडी, तीही खिडकीपाशी. फोन वाजला की अंगणात पळायचं, पावसाळ्यात छत्री घेऊन. मे महिन्यात फायबर आलं, मी मोबाइलच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे नेहमीचा कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून. तेव्हापासून माजघरात बसून बोलतोय. वेगळं अॅप नाही, नंबर तोच, माझ्या प्लॅनमध्ये जादा पैसेही नाहीत.

खरा फरक आवाजात पडला. मी दूध संकलन केंद्र चालवतो. वरच्या वाडीतले लोक पहाटे फोनवरच लिटर सांगतात. जुना साधा कॉल 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज नेतो आणि 'स'चा सळसळाट बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून 'सात' म्हटलेलं 'आत' ऐकू यायचं आणि मी वहीत आठ लिहायचो. महिनाअखेरीला वाद ठरलेला. वाय-फायवरून लागणाऱ्या एचडी, म्हणजे जास्त स्पष्ट आवाजाच्या, कॉलमध्ये 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, मात्र समोरच्याचा फोनही तसा हवा. जून महिन्यापासून वहीत त्यावरून एकही खाडाखोड नाही.

हे चालतं कसं ते मुद्दाम समजून घेतलं. फोन आपल्या राऊटरमधून कंपनीपर्यंत एक कुलूपबंद बोगदा काढतो. पलीकडे आयएमएस नावाची यंत्रणा असते. फोर-जीवरचे व्होल्टी कॉलही तीच जोडते. पूर्वी एक्स्चेंज म्हणजे त्याच कामाची खास बनवलेली कपाटं. 2012 मध्ये मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी ही कामं सॉफ्टवेअर करून साध्या सर्व्हरवर चालवायचं ठरवलं. आता दिवाळीत कॉल वाढले तर कपाट आणायला नको, त्याच सॉफ्टवेअरच्या आणखी प्रती चालू करायच्या. मला हे फार मोलाचं वाटतं.

त्रासही झाला. पहिला महिनाभर फोन थोडा वेळ पडून राहिला की येणारे कॉल लागायचेच नाहीत. आपण लावला तर लगेच लागायचा. टँकरवाला दोनदा केंद्रावर न थांबता पुढे गेला, दूध नासलं. ग्राहक सेवेचं उत्तर एकच, 'फोन बंद करून चालू करा.' शेवटी केबलवाल्याच्या पोरानं ओळखलं : राऊटर शांत पडलेला बोगदा विसरून जात होता. राऊटर बदलला, दुखणं गेलं.

आणि लाईट. जुलैत आत्याशी बोलताना लाईट गेली. मी खिडकीपाशी होतो म्हणून कॉल न तुटता टॉवरवर गेला. दोन्हीकडे यंत्रणा तीच. दुसऱ्या दिवशी माजघरात होतो, तिथं फोर-जी नाही, तर वाक्य अर्ध्यावर तुटलं. आता राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या बॅटरीवर आहेत. एकाला लावून उपयोग नाही. केबलवाल्याकडचीच लाईट गेली तर मात्र पुन्हा अंगण.

आई म्हणते, "आरं, आत्या शेजारी बसून बोलतीय असं वाटतंय." पुढच्या महिन्यात केंद्राच्या शेडपर्यंत वायर ओढून तिथं दुसरा राऊटर लावतोय.