बॉइंक की फोल्डिंग ॲट होम? दोन्ही एकाच मशीनवर लावायचे असतील तर प्रोसेसर कसा वाटायचा

आपला कॉम्प्युटर रिकामा असताना विज्ञानाच्या कामाला द्यायचा असं ठरवलं की दोन नावं समोर येतात. एक बॉइंक, वेगवेगळ्या विज्ञान प्रकल्पांची कामं आपल्या मशीनवर चालवणारं, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांनी उभं केलेलं, आणि दुसरं फोल्डिंग ॲट होम, प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याची गणितं करणारं, २००० साली स्टॅनफर्डला विजय पांडे यांच्या गटाने सुरू केलेलं. इन्स्टॉल करणं अगदी सोपं आहे, प्रश्न येतो नंतर. गेम अडकतो, व्हिडिओ एडिटर रेंगाळतो, पंखा घोंघावतो, आणि दोन्ही एकत्र लावले तर भलतंच होतं: एकाचं काम जवळपास थांबूनच जातं. लोक वैतागून दोन्ही काढून टाकतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोन-तीन सेटिंगचाच प्रश्न असतो.

आधी हे समजून घ्या की दोन्ही सॉफ्टवेअर आपलं काम सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीला चालवतात. म्हणजे ब्राउझरला किंवा टॅलीला प्रोसेसर लागला की यांनी बाजूला व्हायचं, आणि साध्या कामात ते होतातही. टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण प्रायॉरिटी फक्त प्रोसेसरचा वेळ वाटते, मेमरी, कॅशे (प्रोसेसरमधली छोटी जलद मेमरी) आणि उष्णता ती वाटत नाही. हायपरथ्रेडिंग असलेल्या, म्हणजे एक कोअर कामाच्या दोन रांगा (थ्रेड) एकदम चालवतो अशा प्रोसेसरवर एकाच कोअरच्या एका थ्रेडवर तुमचा गेम आणि दुसऱ्यावर बॉइंकचं काम असेल तर प्रायॉरिटी कितीही खाली असली तरी गेम हळू होणारच.

आता दोघांची खरी टक्कर कुठे होते ते बघा. बॉइंकचं बहुतेक काम एका थ्रेडचं एक असं सुटं असतं, आठ थ्रेड असतील तर आठ वेगवेगळी कामं. फोल्डिंगचं प्रोसेसरवरचं काम मात्र ग्रोमॅक्स या रेणूंच्या हालचाली मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं आणि एकच काम सगळ्या थ्रेडमध्ये वाटलेलं असतं, प्रत्येक पायरीला सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. नांगराला जुंपलेल्या बैलांपैकी एक जरी अडला तरी सगळी जोत थांबते, तसं. आठपैकी एका थ्रेडवर बॉइंकने वाटा मागितला की फोल्डिंगचा वेग आठव्या हिश्श्याने नाही, त्याहून कितीतरी जास्त पडतो, आणि बॉइंकला मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून समान प्रायॉरिटीला दोघं भिडले की नुकसान नेहमी फोल्डिंगचं. फोल्डिंगच्या जुन्या सातव्या आवृत्तीत यासाठीच प्रायॉरिटी थोडी वर करायचा पर्याय दिलेला होता, दुसरं असंच सॉफ्टवेअर फोल्डिंगला थांबवत असेल तर वापरा असं तिथेच लिहिलेलं. त्याने फोल्डिंग सुटतं पण मग उपाशी राहतं बॉइंक, म्हणजे भांडण मिटत नाही, फक्त बाजू बदलते.

माझं स्पष्ट मत असं की ग्राफिक्स कार्ड असेल तर प्रोसेसर बॉइंकला आणि कार्ड फोल्डिंगला द्या. फोल्डिंगमध्ये प्रोसेसरचे थ्रेड शून्य करा, बॉइंकमध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) वापरणं बंद करा. एक गोष्ट मात्र विसरू नका, एनव्हिडियाच्या कार्डाला काम भरवत राहायला प्रोसेसरचा एक थ्रेड जवळपास पूर्ण लागतो, तेव्हा बॉइंकला सगळे थ्रेड देऊ नका, एक फोल्डिंगसाठी आणि एक स्वतःच्या वापरासाठी सोडा. आठ थ्रेडच्या मशीनवर ७५ टक्के प्रोसेसर लिहिलं की सहा कामं चालतात, हिशोब बरोबर बसतो.

कार्ड नसेल तर एकच निवडा. तुम्ही मशीनवर दिवसभर काम करत असाल तर बॉइंक, कारण आवरायचे पर्याय त्यात खूप जास्त आहेत. शिवाय प्रकल्पही निवडता येतो. आइन्स्टाइन ॲट होम २००५ पासून लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या डेटामध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी शोधतंय, आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होतेय, मला तरी तेवढ्यासाठी प्रोसेसर द्यावासा वाटतो. आइन्स्टाइनचं काम परत द्यायची मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, मशीन रोज थोडा वेळच चालू असेल तरी चालतं. फोल्डिंगची मुदत कमी असते आणि काम जितकं लवकर परत द्याल तितके पॉइंट जास्त, त्यामुळे रोज चार तास चालणाऱ्या लॅपटॉपला ते जमत नाही, रात्रंदिवस चालणाऱ्या चांगल्या कार्डाच्या डेस्कटॉपला मात्र तेच शोभतं.

बॉइंकमध्ये लोड कमी करायला दोन आकडे दिसतात आणि लोक नेमका चुकीचा धरतात. एक आहे किती टक्के प्रोसेसर वापरायचे, दुसरा किती टक्के वेळ वापरायचा. दुसऱ्यात ५० लिहिलं म्हणजे काम अर्ध्या वेगाने संथ चालत नाही, ते काही क्षण पूर्ण जोरात चालतं, मग थांबतं, परत चालतं. तापमान वरखाली होत राहतं, पंख्याचा आवाज सतत बदलतो. तो १०० वरच राहू द्या आणि पहिला कमी करा, ५० किंवा ७५. लॅपटॉप तरीही तापत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा, बहुतेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं, विदर्भातल्या मे महिन्यात हे एवढं करायलाच हवं.

गेम, प्रीमियर, ब्लेंडर अशा ठरावीक प्रोग्रॅमशीच भांडण असेल तर बॉइंकमध्ये एक्सक्लुझिव्ह ॲप्लिकेशन्सची यादी आहे, ऑप्शन्समध्ये. तिथे त्या प्रोग्रॅमची एक्झे फाइल टाकली की तो चालू झाल्यावर बॉइंक आपोआप थांबतं, बंद झाला की परत सुरू. फक्त जीपीयूचं काम थांबवायची यादी वेगळी आहे. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी सोय, आणि कितीतरी लोकांना ती माहीतच नसते! फोल्डिंगच्या आठव्या आवृत्तीत असं काही नाही, थ्रेड कमी करा, मशीन रिकामं असतानाच चालू ठेवा, नाहीतर हाताने पॉज करा, एवढंच. आणि जीपीयूच्या कामाला खालची प्रायॉरिटी वगैरे नीट लागू होत नाही, स्क्रीन अडखळायला लागला तर पॉज हाच उपाय.

बॉइंकचं दुसरं एक सेटिंग बाकीचे प्रोग्रॅम २५ टक्क्यांच्या वर गेले की थांबायचं, ते ऐकायला छान वाटतं, पण अँटिव्हायरस किंवा विंडोज अपडेट चालू झालं तरी काम थांबतं, मग लोक विचारतात बॉइंक सारखं सस्पेंड का होतंय. एक्सक्लुझिव्ह यादी केली असेल तर हे शून्य करून बंद ठेवा. थांबलेलं काम मेमरीत ठेवायचा पर्याय मात्र चालू करा, नाहीतर प्रत्येक वेळी शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे काम जिथवर सेव्ह झालं होतं तिथून, परत सुरुवात होते आणि मधली मेहनत वाया जाते. ८ जीबी रॅम असेल तर जपून, रोझेटासारख्या प्रकल्पाची कामं भरपूर मेमरी खातात, मशीन डिस्कवर स्वॅप करत बसतं आणि लोक दोष प्रोसेसरला देतात. तिथे कामांची संख्याच कमी करा.

लोडशेडिंग असलेल्या गावी डेस्कटॉप इन्व्हर्टरवर चालवत असाल तर अजून एक. बॅटरीवर थांबायचं सेटिंग लॅपटॉपला कळतं, डेस्कटॉपला इन्व्हर्टर आणि मेन लाइन यातला फरक कळत नाही, काम चालूच राहतं आणि घरातले दिवे-पंखे लवकर बंद पडतात. यूएसबी केबलने जोडता येणारा यूपीएस असेल तर विंडोजला कळतं. नसेल तर दोन्हीत पॉज हाताने दाबा, बॉइंकच्या ट्रे आयकॉनवरचं स्नूझ एक तासाने स्वतःहून परत सुरू होतं हे लक्षात ठेवून.