किसान क्रेडिट कार्ड: अकरा महिने वापरल्यावर

मागच्या जूनमध्ये बाबांच्या नावावर बँकेतून केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, काढलं. आधी सोसायटीचं पीककर्ज असायचं, मधली नड निघाली की गावात शेकडा तीनने पैसे उचलायचे. शेकडा तीन म्हणजे महिन्याला, वर्षाचे ३६ होतात, पण हा हिशोब घरात कोणी मांडतच नाही.

काढायला त्रास झाला हे आधीच सांगतो. सातबारा, आठ अ, सोसायटीचा नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला), मग दुसऱ्या बँकेचा नो ड्यूज, आणि दर खेपेला "साहेब मीटिंगला गेलेत". जमीन गहाण न ठेवता मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारावरून २ लाख झालीय, तरी आमच्या शाखेत सातबाऱ्यावर बोजा (कर्जाची नोंद) चढवायचाच म्हणत होते, मी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मोबाईलवर दाखवलं तेव्हा विषय मिटला.

लिमिट कसं काढतात ते आधी विचारून घ्या. पिकाचा ठरलेला कर्जदर (व्याजाचा नाही, हेक्टरी किती कर्ज द्यायचं ती रक्कम) गुणिले क्षेत्र, त्यावर १० टक्के घरखर्च वगैरेसाठी, २० टक्के अवजारं-दुरुस्तीसाठी, वर विम्याचा हप्ता. म्हणजे पिकाचे एक लाख निघाले तर साधारण एक तीस. आम्हाला पहिल्यांदा फक्त पिकाचेच धरून दिले होते, विचारलं म्हणून वाढवले.

आता खरी गोष्ट. सगळे ७ टक्के आणि वेळेत भरलं तर ३ टक्के सूट म्हणजे ४ टक्के एवढंच बोलतात (३ लाखांपर्यंत), पण मला जास्त कामाचं वाटलं ते म्हणजे जेवढे उचलले तेवढ्यावरच आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज. आमच्याकडे सवय अशी की मंजूर झालं की पहिल्याच दिवशी सगळं काढून घरात आणायचं, "बँकेचा काय भरवसा". मी बाबांना म्हटलं ४० हजार राहू द्या, फवारणीला लागतील, उगाच चार महिने घरात ठेवले तर ७ टक्क्यांनी नऊशे-साडेनऊशे व्याज नुसतं बसल्या जागी जातंय. ऐकलं, कुरकुरत का होईना. ऑगस्टमध्ये औषधाचे पैसे दुकानात कार्ड घासून दिले, आणि नोव्हेंबरात पहिल्या वेचणीचा कापूस विकला तेव्हा थोडे परत भरले, हे असं मधेच भरता येतं हेच बऱ्याच जणांना माहीत नाही.

एकदा पासबुक भरून आणलं, शिल्लकेपुढे 'डीआर' (डेबिट, म्हणजे एवढं बँकेचं देणं) बघून बाबा दोन दिवस गप्पच, त्यांना वाटलं दंड लागला. बचत खात्याची सवय ना.

वाईट बाजू. पीकविमा २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे, पण नको असेल तर विम्याच्या मुदतीच्या सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं, आम्ही दिलं नाही, हप्ता कापला गेला, शाखेतून एका शब्दाने सांगितलं नाही. दुसरं, मार्च. आमची तारीख ३१ मार्च, ती चुकली की ३ टक्के सूट गेली. म्हणून शेजारचे नवं-जुनं करायला चार दिवसांसाठी सावकाराकडून उचलतात, भरतात, परत काढतात, त्या चार दिवसांच्या व्याजात सुटीतला काही भाग तिथेच जातो. आम्ही जानेवारीत भाव पडलेला असताना उरलेला कापूस विकून टाकला, बरोबर केलं की चूक अजून वाद चालू आहे घरात. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत वेगळी, पण ती मागाहून येते, तिच्यावर विसंबून हिशोब करू नका.

आणि काका. ते बटाईने करतात, सातबारा मालकाच्या नावावर. योजनेत बटाईदारालाही कार्ड आहे, लिहिलेलंच आहे तसं, पण खिडकीवरचा माणूस पहिल्यांदा विचारतो सातबारा कुठाय. गट करून घ्या म्हणाले बँकेवाले, मग काकांनी चार जण जमवलेत, पाचवा अजून तयार होत नाहीये कारण एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. ते अजून शेकडा तीनवरच आहेत.