मंडळीचे उन्हाळी शिबिर : मुलांना पाठवावे का?

मे महिन्यात पाचगणीला भरणाऱ्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शिबिराला मुलांना पाठवावे की नाही, हा प्रश्न अहिल्यानगर भागातील आमच्या ओळखीचे पालक दर वर्षी ईस्टर झाला की विचारू लागतात. शाळेत असताना मी बहुतेक सुट्ट्यांत या शिबिराला शिबिरार्थी म्हणून जात असे, महाविद्यालयात गेल्यावर लीडर म्हणून गेले, त्यानंतर काही वर्षे स्वयंपाकघराची व्यवस्था पाहिली आणि आता माझी मुलगी जाते. एवढ्या काळात जे पाहिले त्यावरून सांगते, की मुलांना जरूर पाठवावे. मात्र पत्रकात ज्या गोष्टी ठळक अक्षरांत छापलेल्या असतात त्यांसाठी नव्हे, तर ज्यांचा तेथे उल्लेखही नसतो त्यांसाठी पाठवावे.

हे शिबिर आणि सुट्टीतील बायबल शाळा यांत पुष्कळ जण गल्लत करतात. बायबल शाळा ही सकाळी चर्चच्या आवारात भरते आणि मुले दुपारी घरी जेवायला येतात. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ साली या शाळांना जे संघटित रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आपल्याकडेही चालत आले आहे. शिबिराचे वेगळेपण मुक्कामात आहे. सुट्टीमुळे रिकाम्या झालेल्या एखाद्या बोर्डिंग शाळेत पाच-सहा दिवस राहायचे, जमिनीवर किंवा लोखंडी कॉटवर झोपायचे, बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायची आणि आई-वडिलांशिवाय स्वतःचे सामान सांभाळायचे, यातच निम्मे शिक्षण होते. नगरच्या उन्हातून निघालेली बस वाईनंतर पसरणी घाट चढू लागली की मुलांचे चेहरेच बदलतात, हे मी लीडर असताना दर वर्षी पाहत असे.

दिनक्रम वर्षानुवर्षे साधारण तोच आहे. पहाटेची घंटा, त्यानंतर शांत वेळ, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने बसून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करणे. मग नाश्ता, गायने, गटवार बायबल अभ्यास, वचनपाठांतर, दुपारची विश्रांती, खेळ आणि रात्रीची सभा. जेवण साधे पण पोटभर असते. पोहे, उपमा, डाळ-भात, पोळी-भाजी आणि रविवारी उपासनेनंतर कोंबडीचा रस्सा, यांत तक्रारीला फारशी जागा नाही. ताट, वाटी आणि पेला ज्याचे त्याने घासायचा नियम मात्र मला विशेष मोलाचा वाटतो. मोरीजवळ तीन टब मांडलेले असतात, पहिला साबणाच्या पाण्याचा आणि पुढचे दोन साध्या पाण्याचे; शेवटच्या टबापाशी मोठ्या गटातला एक मुलगा उभा राहून प्रत्येक ताटाच्या काठावरून बोट फिरवतो आणि बोटाला तेलकट लागले तर ते ताट न बोलता पहिल्या टबाकडे परत पाठवतो. डॉक्टरांचा मुलगा असो वा चर्चच्या शिपायाचा, त्या रांगेतून कोणीही सुटत नाही. घरी पाण्याचा पेला उचलून न ठेवणारी मुले शिबिराहून आल्यावर, निदान जून संपेपर्यंत तरी, आपले ताट आपण घासतात.

मला या शिबिराने जे सर्वांत मोठे दिले, ते गायन आणि कीर्तन होय. आमच्या लहानपणी एक वयोवृद्ध पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दोन संध्याकाळी कीर्तन करीत. पत्र्याच्या ट्रंकेवर हार्मोनियम ठेवलेली असे, साथीला तबला आणि टाळ असत, आणि आख्यान बहुधा येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे असे. मुलगा दूर देशी कंगाल होऊन डुकरे राखू लागतो त्या ठिकाणी ते थांबत आणि खेड्यांतून आलेल्या मुलांना त्या कामाविषयी विचारत. ती मुले जे सांगत, ते पुस्तकात कोठेही मिळाले नसते. पुढे मुलगा परत येतो तेव्हा पाळकबाबा धोतराचा सोगा एका हाताने उचलून खरोखरच दोन पावले धावत आणि आम्हांला सांगत, की गावातला मानाचा म्हातारा माणूस चारचौघांत कधी धावत नाही, पण हा बाप धावला. या दाखल्यावर त्यानंतर अनेक विद्वानांची प्रवचने मी ऐकली आहेत. ती दोन पावले जेवढे सांगून गेली, तेवढे त्यांतील एकाही प्रवचनाने सांगितले नाही.

म्हणूनच अलीकडच्या वर्षांत मला सर्वांत अधिक खटकते ते गायनाच्या वेळेचे झालेले नुकसान. कृष्ण रत्नाजी सांगळे, नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांनी रचलेली गायने ही मराठी मंडळीची खरी ठेव आहे, आणि आम्ही ती शिबिरात चालींसकट तोंडपाठ केली. आता पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी कोरस झळकतात, आणि एखादे मराठी गायन घेतलेच तर तेही रोमन लिपीत दाखवले जाते, कारण इंग्रजी माध्यमातील मुलांना देवनागरी भरभर वाचता येत नाही, असे संयोजक सांगतात. मुलांना वाचता येत नसेल, तर ते शिकवण्यासाठी या पाच-सहा दिवसांइतकी चांगली संधी दुसरी कोणती असणार? गिटार आणि ड्रम यांना माझा विरोध नाही. मुलांना ती वाद्ये आवडतात आणि ती चांगली वाजवलीही जातात. परंतु १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आपलेसे केले आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, याच सातारा जिल्ह्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला, ही गोष्ट सातारा जिल्ह्यातच भरणाऱ्या शिबिरात एकदाही सांगितली जाऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वचनपाठांतर मात्र अजून टिकून आहे आणि त्याचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. लहान गटाला बायबलमधील स्तोत्र २३ आणि स्तोत्र १२१, मोठ्या गटाला करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय, अशी नेमणूक असते. यासाठी बक्षीस ठेवण्याची पद्धत मला फारशी पसंत नाही. पण पाठ केलेले राहते, हे खरे. माझ्या वडिलांच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या जे ओठांवर आले, ते शिबिरातच पाठ केलेले होते.

पालकांनी एका बाबतीत जागरूक राहावे. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती मुलांना हात वर करून निर्णय घ्यायला सांगतात, काही वर्षी चिठ्ठीवर पापे लिहून ती जाळायला लावली गेली, आणि दहा-अकरा वर्षांची, दमलेली, झोपेला आलेली मुले हुंदके देऊन रडताना मी पाहिली आहेत. पश्चात्ताप ही आमच्या विश्वासातील गंभीर गोष्ट आहे आणि म्हणूनच तिच्यासाठी रात्री उशिराचा थकवा आणि सभोवतालचा दबाव वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. आमच्या मंडळीत दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीचा, वर्ग असतो. तेथे मूल सावकाश शिकते, प्रश्न विचारते आणि मग स्वतःच्या तोंडाने कबुली देते. शिबिराने त्या वर्गाची तयारी करून द्यावी, त्याची जागा घेऊ नये. याउलट पहाटेची शांत वेळ ज्या वर्षी नीट पाळली जाते, त्या वर्षीच्या मुलांमध्ये घरी परतल्यावरही वाचनाची सवय टिकल्याचे मला आढळले आहे.

सुरक्षिततेविषयी विचारताना संकोच करू नये. मुलींच्या वसतिगृहात रात्री कोणत्या महिला लीडर झोपतात, एका लीडरकडे किती मुले असतात, औषधे कोणाकडे असतात आणि एखाद्या मुलाला काही सांगायचे असल्यास त्याने कोणाकडे जायचे, हे चार प्रश्न नाव नोंदवण्यापूर्वी विचारावेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती लीडरांना दिली आहे का, हेही विचारावे. जबाबदार संयोजक या प्रश्नांनी दुखावत नाहीत. दुखावले, तर दुसरे शिबिर शोधावे.

फी वाजवी असते आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांची सोय मंडळी गाजावाजा न करता करते. त्यासाठी पाळकांशी एकांतात बोलावे. दहा वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी मोठे भावंड किंवा ओळखीची सोबत असल्याशिवाय पाठवू नये, कारण तिसऱ्या रात्री घरची आठवण अनावर होते. सामानात स्वेटर आणि टॉर्च हवीच, शिवाय मेच्या अखेरीस शिबिर असेल तर छत्रीही द्यावी, कारण वळवाचा पाऊस टेबल लँडच्या उघड्या माळावर आडोसा मिळू देत नाही. मोबाइल घरीच ठेवावा. नावनोंदणीच्या अर्जावर सूचनांसाठी एक रकाना असतो, जो बहुतेक पालक कोरा सोडतात. यंदा त्यात मराठी गायने देवनागरीत द्यावीत आणि एका संध्याकाळी तरी कीर्तन ठेवावे, अशी मागणी मी लिहून दिली आहे, आणि ज्यांना हे पटते त्यांनीही ती लिहावी, अशी माझी विनंती आहे.